बाटलीवरचा शिक्का कोण बघणार?

‘ताई, बीपीए फ्री आहे ना?’ दुधाची बाटली घ्यायला आलेला तरुण बाप हल्ली पहिला प्रश्न हाच विचारतो. मी खोकं पुढे सरकवते. तो ते उलटसुलट करून बघतो, इंग्रजीतली ती अक्षरं सापडली की त्याचा जीव भांड्यात पडतो, फोनवरून पैसे येतात आणि गिऱ्हाईक जातं. त्याच खोक्यावर कुठेतरी कोपऱ्यात आयएसआयचा शिक्का असायला हवा. तो आहे की नाही हे विचारणारं गिऱ्हाईक मात्र मला अजून भेटायचं आहे.

कराडात माझं औषधाचं दुकान आहे. समोर प्रसूतिगृह, शेजारी बालरोगतज्ज्ञांचा दवाखाना, त्यामुळे तापाच्या सिरपइतकाच खप बाळाच्या सामानाचा. पावडरचे डबे, बाटल्या, निपल, दात येताना चावायच्या रिंगा, उष्टावणाला द्यायचे चित्रांचे वाडगे. यातलं बहुतेक सगळं प्लास्टिक. तेव्हा पुढे जे लिहिते आहे त्यात माझ्याच गल्ल्याचं नुकसान आहे, हे वाचकांनी ध्यानात घ्यावं. प्लास्टिकमधल्या रसायनांपासून बाळाला जपायचं काम आपण आईबापांच्या खरेदीवर ढकलून मोकळे झालो आहोत. खरं तर ते निम्मं काम घरातली स्टीलची भांडी करतात आणि उरलेलं निम्मं सरकारनं आणि आम्हा दुकानदारांनी करायचं आहे. महागातली बाटली घेण्याला त्यात फार थोडी जागा आहे.

आधी हे बीपीए प्रकरण काय ते बघू. पूर्ण नाव बिस्फेनॉल ए. हे रसायन १८९१ सालीच तयार झालं होतं. १९३६ मध्ये लंडनच्या चार्ल्स डॉड्स यांना दिसलं की ते शरीरात इस्ट्रोजेनसारखं, म्हणजे स्त्रीच्या संप्रेरकासारखं वागतं. औषध म्हणून ते मागे पडलं, कारण त्याहून जोरकस रसायन त्यांच्याच हाती लागलं. पुढे १९५० च्या दशकात पॉलिकार्बोनेट नावाचं प्लास्टिक आलं. काचेसारखं पारदर्शक, पडलं तरी न फुटणारं. ते बनवायला बीपीए लागतं. तेव्हापासून हे रसायन पाण्याच्या मोठ्या जारमध्ये गेलं, बाळाच्या बाटलीत गेलं, आणि डबाबंद अन्नाच्या पत्र्याला आतून जो लेप देतात त्यातही गेलं.

धोक्याची घंटा वाजली ती एका साबणामुळे. १९९८ मध्ये अमेरिकेत क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात पॅट्रिशिया हंट उंदरांवर संशोधन करत होत्या. पिंजरे पॉलिकार्बोनेटचे. कुणीतरी ते चुकून फरशी धुवायच्या कडक साबणानं धुतले. प्लास्टिक खराब झालं, त्यातून बीपीए पाझरलं आणि माद्यांच्या बीजांडांत गुणसूत्रांचे दोष एकाएकी वाढलेले दिसले. उंदरांच्या खाण्यात कुणी काही मिसळलं नव्हतं, फक्त भांडं बिघडलं होतं. २००३ साली हे निष्कर्ष छापून आले आणि जगभर चर्चा सुरू झाली. बाळांच्या बाटल्यांतून बीपीए काढायचं २००८ मध्ये सर्वांत आधी कॅनडानं जाहीर केलं. २०११ मध्ये युरोपीय संघानं आणि २०१२ मध्ये अमेरिकेनं ते बाटल्यांतून हटवलं. आपल्याकडे भारतीय मानक ब्युरोनं २०१५ च्या सुधारित मानकात ते बसू दिलं नाही.

बीपीएनं किती अपाय होतो यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. युरोपच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं २०२३ मध्ये बीपीएची रोजची सुरक्षित मर्यादा २०१५ च्या मानानं २० हजार पटींनी खाली आणली. जर्मनीच्या सरकारी जोखीम संस्थेला ही कपात पटली नाही. अमेरिकेचं अन्न आणि औषध खातं तर अन्नातलं सध्याचं प्रमाण सुरक्षित आहे असंच सांगत आलं. तरीही डिसेंबर २०२४ मध्ये युरोपीय संघानं अन्नाला लागणाऱ्या सगळ्याच वस्तूंतून बीपीए काढायचा निर्णय घेतला. वाद आहे तो किती मात्रेला किती अपाय यावर. बाळाच्या तोंडी ते जाऊ नये, याबाबत मात्र अमेरिका आणि युरोप दोघांनी बाटलीपुरता तरी निकाल कधीच लावून टाकला आहे.

बाळाचा हिशेब वेगळा का? वजनामुळे. केवळ दुधावर असलेलं बाळ वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण १५० मिलिलिटर दूध पितं. त्याच हिशेबानं साठ किलोच्या माणसाला रोज नऊ लिटर प्यावं लागेल. म्हणजे बाटलीतून जे काही झिरपेल त्याची मात्रा बाळाला कितीतरी पटींनी जास्त बसते. त्यात यकृताची रसायनं निकामी करण्याची ताकद पहिल्या महिन्यांत अपुरी असते. आणि संप्रेरकांची भाषा बोलणारी रसायनं अगदी कणभर असली तरी शरीराची घडण चालू असण्याच्या काळात घोळ घालू शकतात, हीच तर चिंता आहे.

आता ‘बीपीए फ्री’ या शब्दांकडे येऊ. आज चांगल्या दुकानात मिळणाऱ्या बहुतेक बाटल्या पॉलिप्रॉपिलीनच्या असतात. बूड उलटं करून पाहिलं तर त्रिकोणात ५ चा आकडा दिसतो. हे प्लास्टिक बनवायला बीपीए लागतच नाही. त्यावर ‘बीपीए फ्री’ छापणं म्हणजे शेंगदाणा तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल नाही’ छापण्यासारखं आहे: खोटं नाही, पण त्यात फुशारकी मारण्याजोगंही काही नाही. शिवाय बीपीए काढून त्याच्या जागी बीपीएस किंवा बीपीएफ घातलं तरी ‘फ्री’ लिहायला कुणी अडवत नाही. या भावंडांचे गुण फारसे वेगळे नाहीत, असं संशोधन सांगतं. आणि निव्वळ छापील शब्दावर विसंबू नये याचं कारण देशातच मिळालं. दिल्लीच्या टॉक्सिक्स लिंक या संस्थेनं बाजारातल्या बाटल्या आणि सिपर आयआयटी गुवाहाटीत तपासून घेतले आणि २०१९ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. मानक येऊन चार वर्षं झाली होती, तरी त्यांत बीपीए सापडलं.

माझ्या मते आईबापांनी प्लास्टिकच्या नावाच्या आधी दुधाची उष्णता बघावी. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजनं २०२० मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्याच, म्हणजे चांगल्या समजल्या जाणाऱ्या बाटल्या तपासल्या. २५ अंशांच्या पाण्यात दर लिटरला सुमारे सहा लाख सूक्ष्म प्लास्टिक कण सुटत होते. ९५ अंशांच्या पाण्यात हा आकडा साडेपाच कोटींवर गेला. हे कण शरीरात नेमकं काय करतात यावर अभ्यास चालू आहे. पण बाटली तीच, प्लास्टिक तेच आणि फरक फक्त उष्णतेचा, हे या आकड्यांवरून कुणालाही कळेल. बीपीए असो, प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स असोत किंवा सूक्ष्म कण असोत, गरम पदार्थ आणि झिजलेलं प्लास्टिक एकत्र आलं की झिरपणं वाढतं.

इथे एक घोटाळा होतो आणि तो जिवावर बेतणारा आहे, म्हणून नीट सांगते. रसायनांची धास्ती घेऊन काही घरांत बाटली उकळणंच बंद करतात, नाहीतर पावडर कोमट पाण्यात कालवतात. तसं मुळीच करू नका. दूध पावडर निर्जंतुक नसते. तिच्यातले जंतू मरावेत म्हणून जागतिक आरोग्य संघटना किमान ७० अंशांच्या पाण्यात ती कालवायला सांगते. हगवणीनं बाळ चार तासांत मलूल होतं, त्यापुढे प्लास्टिकची भीती दुय्यम. दोन्ही साधायचं असेल तर गरम काम स्टीलमध्ये करावं आणि प्लास्टिकला गार झालेलं दूध द्यावं. पाणी पातेल्यात उकळा. उकळून घेतलेल्या स्टीलच्या भांड्यात ते ओता आणि वाफाळतं असतानाच पावडर कालवा. झाकण ठेवून भांडं गार पाण्याच्या परातीत ठेवा. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमट लागलं की मग बाटलीत भरा. उकळून काढलेली बाटली आधी गार होऊ द्या आणि उकळून गार केलेल्या पाण्यानं तीनदा विसळा. ही विसळण्याची पद्धत ट्रिनिटीच्या त्याच संशोधकांनी सुचवलेली आहे. भरलेली बाटली मायक्रोवेव्हमध्ये ठेवू नका, उरलेलं दूध बाटलीतच पुन्हा गरम करू नका आणि गरम दूध बाटलीत खळाखळा हलवू नका. या सगळ्याला नवा पैसा लागत नाही.

बाटली कधी फेकायची हेही लोक विचारत नाहीत. मध्यंतरी एक आजी निपल बदलून घ्यायला आल्या, माप बघायला बाटली सोबत आणलेली. थोरल्या नातवाची बाटली, आता धाकट्या नातीसाठी माळ्यावरून काढलेली. बाहेरून लख्ख घासलेली होती. उजेडाकडे धरली तर आतून धुरकट, ब्रशच्या ओरखड्यांची जाळी झालेली, आणि मिलिलिटरच्या रेघा निम्म्या पुसलेल्या. मी म्हटलं, ‘आजी, निपल नका बदलू, बाटलीच टाकून द्या.’ त्या म्हणाल्या, ‘अगं, चांगली टिकलीय की!’ टिकण्याचा हिशेब पितळेच्या तांब्याला लावावा. प्लास्टिक टिकतं ते स्वतःचा थोडा थोडा भाग आतल्या पदार्थाला देत. ओरखडे आलेली, धुरकट झालेली, चिकट लागणारी बाटली बाद समजावी. आणि मोठ्या भावंडाची जुनी, कडक, काचेसारखी चकाकणारी बाटली घरात निघाली तर ती पॉलिकार्बोनेटची असण्याची शक्यता धरून चालावं.

सर्वांत चांगली बाटली कुठली, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणते, वाटी आणि चमचा. आईचं दूध पुरेसं असेल तर प्रश्नच नाही. वरचं दूध द्यावं लागलं तरी बाटली लागतेच असं नाही. आपल्या आज्या बोंडल्यानं दूध पाजायच्या. चोखायची ताकद नसलेल्या अपुऱ्या दिवसांच्या बाळांना आजही दवाखान्यांत वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानंच दूध देतात. मग धडधाकट बाळाला ते जमणार नाही, असं का मानायचं? स्टीलच्या वाटीला खाचा नसतात, ती घासता येते, उकळता येते. निपलच्या आतल्या कडेला बसलेली साय ब्रशनंही निघत नाही.

आता यावर कुणी म्हणेल, जुनं ते सोनं. तर तसंही नाही. बाळाच्या डोळ्यांत घालतात त्या बाजारच्या काजळात आणि सुरम्यात शिसं सापडलेलं आहे, आणि शिशाचा मेंदूवर होणारा परिणाम प्लास्टिकच्या कुठल्याही रसायनापेक्षा जास्त पक्का ठाऊक आहे. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात दूध ठेवू नये, हेही आजीनंच सांगितलेलं असतं. जुनं की नवं हा वाद सोडून पदार्थाला भांडं काय देतं एवढंच बघावं. स्टील आणि काच जवळपास काही देत नाहीत.

बाटलीच्या पलीकडेही काही गोष्टी आहेत, त्या भराभर सांगते. पाळणाघरात जाणाऱ्या बाळाचं खिमट सकाळी चुलीवरून उतरवून थेट रंगीत प्लास्टिकच्या डब्यात भरतात आणि ते दुपारपर्यंत त्यातच राहतं. स्टीलचा डबा द्या. उष्टावणाचे मेलामाइनचे वाडगे शोभेला ठेवा, गरम पेज त्यात नको. टपरीवरून प्लास्टिकच्या पिशवीत बांधून आणलेला वाफाळता चहा गरोदर बाईनं पिऊ नये, कारण पोटातलं बाळही त्यात वाटेकरी असतं. मऊ, वाकणाऱ्या, उग्र वासाच्या पीव्हीसी खेळण्यांत थॅलेट्स असू शकतात. १ जानेवारी २०२१ पासून देशात खेळण्यांना आयएसआय शिक्का सक्तीचा आहे आणि त्या मानकांच्या मालिकेत थॅलेट्सचा स्वतंत्र भाग आहे. जत्रेतल्या पिपाणीला तो शिक्का नसतो. बाळाखालच्या मेणकापडावर सुती दुपट्याची घडी घाला. आणि फरशी झाडण्याबरोबर ओल्या फडक्यानं पुसा, कारण ही रसायनं घरातल्या धुळीला चिकटतात आणि रांगतं बाळ दिवसभर हात तोंडात घालतं.

एक गोष्ट माझ्या काउंटरवरच घडते. कडेवरचं बाळ रडायला लागलं की आई त्याच्या हातात बिल देते. बाळ ते लगेच तोंडात घालतं. छपाईच्या या चकचकीत कागदाला शाई लागत नाही, उष्णतेनं अक्षरं उमटतात आणि त्यासाठी कागदावर बीपीए किंवा बीपीएसचा थर असतो. प्लास्टिकमधलं बीपीए बांधलेलं असतं, इथे ते भुकटीसारखं मोकळं. युरोपीय संघानं अशा कागदातल्या बीपीएवर जानेवारी २०२० पासून कडक मर्यादा घातली. अमेरिकेतल्या मिसुरी विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की हाताला सॅनिटायझर लावून लगेच असा कागद धरला तर बीपीए त्वचेतून कितीतरी जास्त आत शिरतं. करोनाच्या साथीत आम्ही दुकानदारांनी दिवसभर नेमकं हेच केलं. आता माझ्या दुकानातला मुलगा बिल पिशवीत घालून देतो किंवा फोनवर पाठवतो. बाळाला खेळायला हवंच असेल तर काउंटरवर लाकडी चमचा ठेवलेला आहे.

इथवरच्या सूचना वाचणाऱ्याच्या कामाच्या आहेत. पण बाटली विकत घेणारे सगळे वाचणारे नसतात.

दिवाळीच्या आगेमागे आमच्या भागातले साखर कारखाने सुरू होतात आणि बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. शिवारात कोप्या उभ्या राहतात. आईबाप पहाटे फडात जातात आणि तान्हं मूल सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवाली होतं. हंगामात एकदा अशीच एक मुलगी दुकानात आली, कमरेवर भाऊ. ‘मावशी, जुलाबाची पुडी द्या.’ भावाच्या हातात बाटली होती. मी ती मागून घेतली. कडक, पारदर्शक, लाल टोपणाची, वर रंगानं काढलेलं अस्वल, त्यातला निम्मा रंग नखानं खरवडून निघालेला. बुडावर ना त्रिकोण ना आकडा. गळ्याच्या आट्यांत वाळलेल्या दुधाचं पिवळट कडं. निपलचं भोक सुई तापवून मोठं केलेलं, म्हणजे दूध लवकर संपावं. आठवडी बाजारात चादरीवर मिळते ही बाटली, चाळीस-पन्नास रुपयांना, खोक्याशिवाय. ओआरएसची पुडी दिली, ती कशी कालवायची ते सांगितलं आणि आईला घेऊन ये म्हटलं. संध्याकाळी आई आली. कोपीत स्टीलची वाटी होती, चमचा होता. तिला ते कुणी सांगितलंच नव्हतं.

या बाईला ‘बीपीए फ्री’ वाचता येत नाही. तिनं तज्ज्ञांचे व्हिडिओ बघावेत, बाटलीचं बूड तपासावं, काचेची किंवा स्टीलची सात-आठशेची बाटली घ्यावी, अशी अपेक्षा करणं क्रूरपणा आहे. तिच्यासाठी कायदा असतो, आणि तो आहे. शिशुदुग्ध पर्याय, दूध पाजण्याच्या बाटल्या आणि शिशुआहार यांच्या नियमनाचा कायदा १९९२ मध्ये झाला आणि २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. या कायद्यानं बाटलीची जाहिरात करायला बंदी आहे. फुकट नमुना देणं, भेट देणं, खप वाढवायला आमिष दाखवणं, सगळ्याला बंदी आहे. आणि भारतीय मानक ब्युरोचा शिक्का नसलेली बाटली विकायचीच नाही, असं त्यात स्पष्ट आहे. प्लास्टिकच्या बाटलीचं मानक आयएस १४६२५. शिक्क्याच्या वर हा क्रमांक आणि खाली सीएम/एल या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक हवा. ‘बीआयएस केअर’ या सरकारी ॲपमध्ये तो परवाना क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव समोर येतं. नुसतं शिक्क्याचं चित्र छापलेलं असेल आणि क्रमांकच नसेल तर तो शिक्का कुचकामी.

कायदा तीस वर्षांहून जुना, मानक दहा वर्षांचं, आणि अस्वलाची बाटली तरी चादरीवर. औषध विकायला परवाना लागतो, फार्मासिस्ट लागतो, खरेदीची बिलं जपून ठेवावी लागतात. बाटली विकायला चादर अंथरली की झालं. ऑनलाइन दुकानांत तर ‘आज ४० टक्के सूट’ असं ठसठशीत लिहून बाटल्या विकतात, आणि बारशाच्या भेटवस्तूंच्या खोक्यात ती सुशोभित होऊन येते. आपल्या बाळंतविड्यात झबली-टोपडी, दुपटी, डिंकाचे लाडू असायचे. त्यात बाटली शिरली ती कायद्याच्या नाकावर टिच्चून.

आईबापांच्या डोक्यावर आणखी एक काळजी लादून हे सुटणार नाही. काळजी विकली जाते, हे मी रोज बघते. बाळाच्या भीतीपोटी माणूस खिशाकडे बघत नाही. तीनशेची बाटली सातशेला घेणाऱ्याचं बाळ थोडंफार वाचेल, कोपीतल्या बाळाचं काय? आणि सातशेवाल्यानं त्यात उकळतं दूध भरलं तर तो तरी काय वाचला?

म्हणून काही मागण्या. अन्न आणि औषध प्रशासनानं मानक ब्युरोला सोबत घेऊन दरवर्षी गळीत हंगामाच्या तोंडावर आठवडी बाजारातल्या, जनरल स्टोअरमधल्या आणि ऑनलाइन मिळणाऱ्या बाटल्यांचे नमुने उचलावेत आणि निकाल नावानिशी जाहीर करावेत. दिवाळीला खवा तपासतात, तशी ही तपासणी ठरलेली हवी. महाराष्ट्रात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक बाटलीच्या खोक्यावर ‘उकळतं दूध बाटलीत भरू नका, स्टीलच्या भांड्यात कोमट करून भरा’ एवढी ओळ मराठीत असावी. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर आशा ताई पहिल्या बेचाळीस दिवसांत सहा वेळा घरी जातात. त्यांच्या तपासणीच्या तक्त्यात ‘बाटली वापरता का, कुठली, दूध कसं कोमट करता’ हे प्रश्न घालावेत, आणि त्यांच्या पिशवीत दाखवायला एक वाटी-चमचा द्यावा. जास्तीचं काम म्हणून त्याचे पैसेही त्यांना द्यावेत. ऊसतोडीच्या कोप्यांवर हे काम कारखान्याच्या आरोग्य पथकाकडून करून घ्यावं, कारण ती आई एका गावात बेचाळीस दिवस थांबत नाही.

बाळाला सहा महिने निव्वळ अंगावर पाजा, असं सांगताना रजेचाही विचार हवा. प्रसूती रजेच्या कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनं नोकरदार बाईला २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. शेतात, घरकामावर, दुकानात राबणाऱ्या बहुसंख्य बायकांच्या वाट्याला ती येत नाही. माझ्या दुकानात काम करणाऱ्या मुलीला रजा द्यायची माझी जबाबदारी कायद्यानं असो नसो, ती मी घेतलेली आहे. छोट्या धंद्याला हे झेपत नाही अशी ओरड होते. झेपतं, थोडं ओढून ताणून का होईना.

राहता राहिलो आम्ही औषध दुकानदार. कुठल्या औषधाला किती टक्के मिळावेत यावर आमच्या बैठकांत तासन्‌तास बोलणी होतात. त्यात बाटलीचा विषय यायला हरकत नाही. शिक्का आणि परवाना क्रमांक नसलेली बाटली होलसेलवाल्यानं पाठवली तर ती त्याच गाडीनं परत जावी, एवढा ठराव तालुक्याच्या संघटनेनं केला तरी निम्मा माल वरच्या वर थांबेल. त्यासाठी नवा कायदा नको, प्रयोगशाळा नको, सरकारी आदेशाची वाट बघायला नको. जुलाबाची पुडी विकणाऱ्यानं त्याच्या शेजारच्या फळीवर जुलाबाचं कारण मांडून ठेवू नये, एवढं तर आमच्या हातात आहे.